सोफ्याच्या नाजूक कापडाला डाग अडवणारा स्प्रे मारायचा का? आधी कापड ओळखा, मग डबा उघडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की निपाणीच्या घरी नवीन क्रीम कलरचा व्हेल्व्हेट सोफा आलाय, दोन जुन्या लाकडी खुर्च्या आहेत त्यांच्या गाद्यांना आजीच्या इरकल साडीचं कापड लावून घेतलंय, मार्गशीर्षात मुलीचं लग्न, पाव्हण्यांची ये-जा सुरू होणार, दुकानदार म्हणतोय पैसे भरा आम्ही कोटिंग करून देतो, आणि तेवढ्यात भावानं ऑनलाईन स्प्रेचा एक डबा पण मागवून ठेवलाय. तर मारायचा की नाही, आणि घरात लहान पोर आहे, लव्हबर्ड्सचा पिंजरा आहे, त्यांना काही होतं का.

सोफ्याला बहुतेक चालेल पण आत्ता श्रावणात नको, इरकलला अजिबात नको, आणि पिंजरा त्या दिवशी शेजाऱ्यांकडे. एवढंच हवं असेल तर इथंच थांबा. का ते कळून घ्यायचं असेल तर पुढं वाचा, जरा लांबेल कारण ह्या विषयात मी स्वतः मार खाल्लेला आहे.

बेळगावात शहापूरला माझं सोफा-कुशनचं छोटं दुकान, बावीस वर्षं झाली. सुरवातीच्या काळातली गोष्ट, खानापूरच्या एका घरी मरून कलरची व्हेल्व्हेट सेटी होती, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि मी मोठ्या हौसेनं पाण्यात मिसळायचं कोटिंग पंपानं मारलं. कापड कुठलं ते विचारलं पण नाही, व्हेल्व्हेट म्हणजे व्हेल्व्हेट अशी आपली समजूत. दोन दिवसांनी फोन आला, येऊन बघा म्हणाले. जाऊन बघतोय तर बसायच्या जागेवर लव सगळी झोपलेली, म्हशीच्या पाठीवर चिखल वाळल्यावर केस चिकटतात ना तशी, आणि जिथं जिथं पाणी जास्त पडलं होतं तिथं गोल गोल कडा उमटलेल्या. ब्रश मारला, वाफ दिली, काही उपयोग झाला नाही. ते व्हिस्कोज होतं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासनं केलेलं कृत्रिम रेशीम. कापड नवीन घालून दिलं, मजुरी माझी, कापड पण माझंच. तेव्हापासून डबा कितीही भारी कंपनीचा असू दे, आधी कापड ओळखल्याशिवाय मी झाकण काढत नाही.

म्हणजे बघा, नाजूक कापडाला त्रास होतो तो बहुतेक वेळा त्या केमिकलनं नाही तर ते केमिकल ज्यात विरघळवलंय त्यानं. पाणी असेल तर रेशीम, व्हिस्कोज, लिनन हे सगळे आपापल्या परीनं रुसतात, आणि सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखं उडून जाणारं द्रावण असेल तर रंग, छपाई, कापडामागचा लेटेक्सचा थर, गोंद ह्यांच्यापैकी कुणीतरी रुसतं.

तर कापड ओळखायचं कसं. पहिलं म्हणजे सोफ्याखाली किंवा गादीच्या चेनच्या आत लेबल आहे का बघा. विदेशी कापडाच्या लेबलवर इंग्रजी अक्षरं असतात, डब्ल्यू म्हणजे पाण्यावरचं क्लीनर चालेल, एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही चालतं, आणि एक्स म्हणजे कशालाही हात लावू नका, फक्त व्हॅक्यूम आणि मऊ ब्रश. एक्स असेल तर स्प्रेचा विषय तिथंच संपला. आपल्याकडं बऱ्याच सोफ्यांना लेबलच नसतं ते वेगळं. मग सोफा आडवा करा, खाली काळं पातळ जाळीसारखं कापड ठोकलेलं असतं त्याच्या दोन-चार पिना सैल करा, आत मेन कापडाची कडा दुमडलेली सापडेल, तिथून चार दोरे ओढून घ्या. लवेचे वेगळे आणि पाठीच्या विणीचे वेगळे घ्या हं, कारण कित्येकदा पाठ कॉटनची आणि लव दुसऱ्याच कशाची असते.

दोरा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, सोफ्यापासून लांब, मोरीत बसून केलं तरी चालेल. जळताना विरघळून आक्रसला आणि गार झाल्यावर कडक मणी राहिला तर पॉलिएस्टर. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम नाहीतर लोकर. कागद जळल्याचा वास आणि मऊ करडी राख असेल तर कॉटन, लिनन किंवा व्हिस्कोज, कारण हे तिन्ही मुळात झाडाचेच. आता ह्या तिघांतलं व्हिस्कोज कुठलं हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. त्याला एक जुनी युक्ती आहे, दोरा मध्यभागी ओला करायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. कॉटन ओलं झाल्यावर उलट जास्त चिवट होतं, सहज तुटत नाही. व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, बरोबर ओल्या जागीच पटकन तुटतो. ह्या एका दोऱ्यात माझी खानापूरची सगळी गोष्ट आहे, लव ओली झाली, कमजोर झाली, वर माणसं बसली, ती मेली.

तुमचा क्रीम सोफा दुकानातला तयार आहे म्हणताय तर माझा अंदाज पॉलिएस्टर व्हेल्व्हेटचा आहे, बाजारात सध्या जास्त तेच येतं. तसं निघालं तर निम्मी काळजी मिटली. पॉलिएस्टर पाण्याला फार भीक घालत नाही, पण तेलाला मात्र लगेच धरून ठेवतं, भजी खाल्लेले हात आणि डोक्याचं तेल हे त्याचे खरे दुश्मन. हे लक्षात ठेवा, कारण डबा निवडताना ह्याचंच काम आहे.

डबे साधारण दोन जातीचे. एक सिलिकॉन किंवा मेणाच्या जातीचे, ते फक्त पाणी अडवतात. अळूचं पान आठवा, पाणी टाकलं की मोती होऊन घरंगळतं, कारण पानावर बारीक खडबडीतपणा आणि मेण असतं. पण त्याच पानावर तेलाचा थेंब टाकून बघा, पसरून बसतो. सिलिकॉनचं तसंच आहे, चहा थांबेल, रश्श्याचा तवंग आत जाईल. दुसरे फ्लोरीनवाले, ते पाणी आणि तेल दोन्ही अडवतात. ह्याचा शोध पण गमतीनं लागला, 1953 साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या लॅबमध्ये एक केमिकल असिस्टंटच्या कॅनव्हासच्या बुटावर सांडलं, काही केल्या निघेना, आणि बाकी बूट मळला तरी तेवढा डागच स्वच्छ राहिला. पॅट्सी शेरमन आणि सॅम स्मिथ ह्या दोघांनी त्याचा पाठपुरावा केला आणि 1956 ला स्कॉचगार्ड बाजारात आलं. पण ह्या जातीतली काही केमिकलं निसर्गात मोडतच नाहीत, माणसाच्या रक्तात साठतात असं नंतर कळलं, 2000 साली त्याच कंपनीनं जुना फॉर्म्युला बंद करायचं जाहीर केलं आणि 2009 ला ते केमिकल, पीएफओएस, आंतरराष्ट्रीय बंधनाच्या यादीत गेलं. म्हणून आता डब्यांवर पीएफएएस-फ्री (पीएफएएस म्हणजे ह्याच फ्लोरीनवाल्या केमिकलांचं सगळं कुटुंब), फ्लोरीन-फ्री असं लिहिलेलं दिसतं. ते चांगलंच आहे, लहान पोर सोफ्यावर लोळणार असेल तर मी पण तेच सुचवतो, पण तेलाला ते कमी पडतं हे समजून घ्या. दोन्ही हातात लाडू मिळत नाही. आणि डब्यावर 'नॅनो' लिहिलं म्हणून भुलू नका, नॅनो लिहिल्यानं व्हिस्कोजचं पॉलिएस्टर होत नाही.

डबा विकत घ्यायच्या आधी अजून एक करा, फुकटचं आहे. चमच्यानं एक थेंब पाणी सोफ्याच्या मागच्या बाजूला ठेवा आणि घड्याळ लावून बघत बसा. थेंब फुगून गोल उभा राहिला, खालचा रंग गडद झाला नाही, दोन-तीन मिनिटांनी टिपकागदानं उचलला आणि मागं काहीच राहिलं नाही, तर मिलमधूनच फिनिश लागून आलंय. मिलमधलं फिनिश दीडशे डिग्रीच्या आसपास गरम करून पक्कं बसवलेलं असतं, घरी डब्यातनं मारलेलं त्याची बरोबरी करू शकत नाही. अशा कापडावर वरनं अजून मारलं तर धरत नाही, चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. दुकानदारानं 'कोटिंग' म्हणून पैसे मागायच्या आधी हा थेंब त्याच्यासमोरच टाकून दाखवा.

आता इरकल. ताई, आजीची साडी म्हणताय, जुनी आहे, पदर रेशमी असेल, अंग कॉटनचं, काठ-पदरातला तो इरकली लाल कसा आहे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो लाल पाण्यात थोडातरी सुटतोच. रेशमावर पाण्याचा थेंब वाळला की कडेला वर्तुळ राहतं, लग्नात पैठणीवर पाणी सांडून ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. सॉल्व्हंटवालं मारलं तर जुन्या जरीवरचा थर काळवंडायची भीती. शिवाय जुनं रेशीम आधीच उन्हानं आणि घडीनं विरलेलं असतं. खणाच्या कापडाचे कुशन कव्हर सध्या सगळीकडं चाललेत, आमच्याकडंही बायका घेऊन येतात, त्यांनाही मी हेच सांगतो. वरनं एखादा साधा पांढरा कॉटनचा रुमाल, क्रोशाची चौकट, काहीही टाका, पाव्हणे गेले की काढा. आमच्या आईच्या पिढीत खुर्चीच्या पाठीला रुमाल घालायचे त्याला आपण हसायचो, पण डोक्याच्या तेलावर अजून दुसरा इलाज मला सापडलेला नाही. किंवा खुर्चीची गादी खालनं चार स्क्रू काढून सुटते का बघा, बहुतेक सुटते, लग्नाच्या आठवड्यात साधी गादी बसवा आणि इरकलची कपाटात.

सोफ्यावर येऊ परत. समजा पॉलिएस्टर निघालं, थेंब पण मुरला, म्हणजे फिनिश नाही. तरी दिवाळी होईपर्यंत थांबा. आत्ता पाऊस पडायलाय, हवेत दमट, भिंतीला हात लावला तर गार लागतंय, अशात कोटिंग वाळत नाही, आत ओल राहते आणि फोमला कुबट वास धरतो. कॉटन-लिननच्या कापडाला तर हळू वाळलं की तपकिरी छटा वर येते, धुण्यात न जाणारी. दिवाळीनंतर आपल्याकडं हवा कोरडी होते, थंडी पडते, तेव्हा लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी उरका. आदल्या आठवड्यात करू म्हणाल तर वास घेऊन पाव्हणे बसतील.

आधी सोफा स्वच्छ आणि खडखडीत वाळलेला पाहिजे. मळक्या कापडावर मारलं तर मळ आतच कुलूपबंद होतो. त्याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे साबण. शाम्पू करून नीट न काढता कोटिंग मारलं की कोटिंग काम करत नाही, कारण साबणाचं कामच पाण्याला कापडात मुरवायचं आणि कोटिंगचं काम न मुरवायचं, दोघं एकाच घरात नांदत नाहीत. लोक म्हणतात स्प्रे डुप्लिकेट निघाला, पन्नास वेळा साबण राहिलेला असतो. नवीन सोफ्याला तुम्ही फक्त व्हॅक्यूम करा, शाम्पूच्या भानगडीत पडू नका.

मग टेस्ट. सोफ्याच्या मागं खाली, भिंतीकडच्या बाजूला, तळहाताएवढी जागा. हलका एक हात मारा. लगेच पांढऱ्या सुती कापडानं जरा दाबून बघा, रंग आला तर काम बंद. नाही आला तर चोवीस तास तसंच सोडा, आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाईटमध्ये नको, शेजारच्या कोऱ्या जागेशी ताडून बघा. रंग गडद झाला का, हाताला कडक लागतंय का, लव एका दिशेला पडली का. डोळे मिटून हात फिरवा, बोटाला फरक आधी कळतो. हे सगळं ठीक असेल तर त्याच जागेवर एक थेंब पाणी आणि एक थेंब गोडं तेल टाकून बघा, डबा कशाला अडवतो ते तिथंच कळेल, डब्यावर काय लिहिलंय त्याची गरज नाही.

मारताना डबा चांगला हलवा आणि वीतभर लांब धरा, नेमकं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं तेच पाळा. हात सतत चालता ठेवायचा, एका जागी थांबला की तिथं ओल. भिंतीला रंग देतो तसं एक पट्टा, पुढचा त्याच्यावर थोडा चढवून. कापड भिजलेलं दिसता कामा नये, नुसतं दव पडल्यासारखं. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ, मध्ये वाळू द्यायचं. व्हेल्व्हेट असेल तर पहिला हात लवेच्या दिशेनं, मग मऊ ब्रशनं लव उठवायची, दुसरा हात उलट्या दिशेनं, आणि वाळत असताना परत एकदा ब्रश, नाहीतर ती झोपूनच वाळते. हात ठेवायच्या कडा आणि बसायची पुढची धार इथं जरा जास्त लक्ष, पाठीमागं कोण बघतंय. खाली फरशीवर आणि सोफ्याच्या लाकडावर जुनं प्लॅस्टिक नाहीतर वर्तमानपत्र पसरा. हे मी हौसेनं सांगत नाही, उडालेलं कोटिंग टाईल्सवर बसलं की फरशी इतकी घसरडी होते की म्हातारं माणूस आपटेल. टीव्हीला पण चादर घाला, स्क्रीनवर धुरकट थर बसतो. चोवीस तास कुणी बसायचं नाही, आणि हेअर ड्रायरनं घाई करू नका.

आता जीवाचं. स्प्रेचं जे बारीक धुकं असतं ते नुसत्या वासापेक्षा वाईट. पाणी ढकलायचं केमिकल छातीत खोल गेलं की फुफ्फुसातल्या ओल्या पापुद्र्यालाच त्रास देतं, खोकला, धाप, छातीत आवळणं, कधी काही तासांनी सुरू होतं. असे प्रकार वेगवेगळ्या देशांत नोंदलेले आहेत, बंद खोलीत मारल्यामुळं. रुमाल बांधून किंवा साधा मास्क घालून उपयोग नाही, सॉल्व्हंटची वाफ त्यातनं आरपार जाते, त्याला कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो. शक्य असेल तर सोफा व्हरांड्यात किंवा गच्चीवर सावलीत न्या. घरातच मारायचं असेल तर खिडक्या-दारं सताड उघडी, मारताना वरचा पंखा बंद कारण धुकं घरभर फिरवतो, मारून झालं की पंखा चालू आणि आपण बाहेर. पोर दिवसभर आजोळी पाठवा. पिंजरा तर हवाच नको त्या घरात, पाखरांची फुफ्फुसं फार नाजूक, माणसाला नुसतं ठसका लागेल तेवढ्यात ती मरतात. फिश टँक असेल तर झाका आणि त्याचा हवेचा पंप तेवढा वेळ बंद.

आग हा मुद्दा लोक विसरतात. बहुतेक डब्यांत ढकलायला पेटणारा गॅसच असतो, एलपीजीचा भाऊबंद, आणि सॉल्व्हंटची वाफ जड असल्यानं खाली फरशीलगत साचते. तुमच्या देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी सगळं विझवून. आणि निपाणी म्हणजे बिडीचं गाव, कामाला आलेला माणूस स्प्रे मारता मारता कानाची बिडी काढतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. फ्लोरीनवालं केमिकल बिडीच्या निखाऱ्यातनं छातीत गेलं तर थंडी-ताप भरतो, ते आगीच्या वर बोनस. नंतर कुणाला धाप लागलीच तर उगीच वाफारा घेत बसू नका, थेट दवाखाना, आणि डबा सोबत न्या, डॉक्टरला मागची यादी वाचता आली पाहिजे.

एवढं सगळं करून मिळतं काय तर वेळ. चहा सांडला तर तो लगेच न मुरता दोन-चार मिनिटं वर थांबतो, तेवढ्यात तुम्ही कोरडं कापड घेऊन टिपायचं, दाबायचं, घासायचं नाही. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ते थेंबासारखंच त्या कोटिंगलाही लागू, बसून उठून ते झिजतं, जिथं जास्त बसता तिथं आधी. गरम तेलकट रस्सा सांडला आणि वर कुणी बसलंच तर दाबानं आत जाणारच.

आणि हळद. लग्नघर म्हणजे हळद आलीच, ह्याच्यावर कुठल्याही स्प्रेची मी हमी देत नाही. हळद हा नुसता मळ नाही, रंगच आहे, रेशीम-लोकर-कॉटनला पूर्वीपासून रंगवायला वापरतात. पडली तर कोरडी असताना चमच्याच्या कडेनं उचला, व्हॅक्यूम करा, साबण लावू नका, साबणाचा खार लागला की पिवळ्याचं लालभडक होतं आणि बघणाऱ्याला वाटतं कुंकू सांडलं. राहिलेली छटा उन्हात उडते, पॉलिएस्टरच्या सोफ्याला दोन-तीन दिवस सकाळचं ऊन दाखवा. रेशमाला मात्र तो उपाय पण नाही कारण उन्हानं रेशीमच मरतं. ब्लीचिंग तर रेशीम-लोकरीजवळ आणूच नका, चक्क विरघळतात. हळदीच्या दिवशी त्या हॉलला कुलूप लावा हा माझा धंद्यातला सल्ला समजा, फी नाही.

दुकानदाराचं कोटिंग घ्यायचं का, तर त्याला तीन गोष्टी विचारा, पाण्यातलं की सॉल्व्हंटमधलं, तेल अडवतं का, आणि आधी टेस्ट करून चोवीस तास थांबणार का. तिसऱ्याला 'काय गरज नाही ओ मॅडम' म्हणाला तर नको. वॉरंटीच्या कागदावर हळद आणि तेल वगळलेलं असतंय का ते पण वाचा. भावानं मागवलेल्या डब्याचा पुढचा फोटो नको, मागच्या बारीक अक्षरांचा नीट काढून बघा, त्यावर रेशीम, व्हिस्कोज, एसिटेट (हा पण एक कृत्रिम धागा) ह्यांना वापरू नये असं लिहिलेलं सापडेल, बऱ्याच डब्यांवर असतं.

दुकानात त्याच कापडाचा सॅम्पलचा वीतभर तुकडा मागून घ्या, सोफा घेतलाय म्हटल्यावर देतात. निम्म्यावर स्प्रे मारा, निम्मा तसाच ठेवा, दुसऱ्या दिवशी दोन्हीवर चमचाभर आमटी सांडा आणि मग मला सांगा.